डबे, वाचनालयं आणि सत्तावन्न नगरसेवक

मार्च महिन्यात लंडनच्या ब्रेंट बरोमध्ये, म्हणजे स्वतःची पालिका असलेल्या शहराच्या एका भागात, दारोदार एक बिल येऊन पडतं. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे त्या पालिकेच्या घरपट्टीचं. एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते असतात; फेब्रुवारी आणि मार्च, तेवढीच दोन महिन्यांची उसंत. मधल्या दर्जाच्या घराला, म्हणजे ज्याला तिथे ‘बँड डी’ म्हणतात त्याला, वर्षाला दोन हजार पौंडांच्या वर भरावे लागतात. गंमत अशी की बिलावर घराची आजची किंमत कुठेच नसते. १ एप्रिल १९९१ या दिवशी हे घर विकायला काढलं असतं तर किती आले असते, यावर कर ठरतो. घर परवा बांधून झालेलं असलं तरी हिशेब १९९१चाच. त्या दिवशीच्या भावाने चाळीस हजार पौंडांपर्यंतचं घर सर्वांत खालच्या ‘ए’ बँडमध्ये, तीन लाख वीस हजारांच्या वरचं सर्वांत वरच्या ‘एच’मध्ये. ‘एच’वाला ‘ए’वाल्याच्या तिप्पट भरतो, त्याचं घर वीसपट महाग असलं तरीही तिप्पटच. तीस वर्षांहून जास्त काळ झाला, इंग्लंडमध्ये एकाही सरकारला फेरमूल्यांकनाला हात लावायची हिंमत झालेली नाही. ज्याचं बिल वाढेल तो मत देणार नाही, आणि ज्याचं कमी होईल तो आभार मानायला येणार नाही, हे सगळ्या पक्षांना पक्कं ठाऊक आहे.

बिल हातात आलं की घराघरांत एकच प्रश्न निघतो: कचरा तर पंधरा दिवसांनी उचलतात, मग हे सगळे पैसे जातात कुठे?

त्यातला एक वाटा कौन्सिलकडे राहतच नाही. पोलीस, अग्निशमन, वाहतूक यांसाठी तो लंडनच्या महापौरांकडे जातो. उरलेल्याचा आणि सरकारी अनुदानाचा मोठा भाग ज्या कामांवर खर्च होतो ती बहुतेक रहिवाशांच्या दृष्टीला पडतच नाहीत. एकट्या पडलेल्या वृद्धांना सकाळी उठवून अंघोळ घालणारी बाई, आईबापांपासून काढून घ्यावं लागलेलं मूल, अपंग मुलाला शाळेत नेणारी गाडी, घरमालकाने बाहेर काढलेल्या कुटुंबाची हॉटेलात केलेली तात्पुरती सोय. ही कामं कायद्याने बंधनकारक आहेत आणि त्यांचा खर्च दरवर्षी वाढतो. शिवाय कौन्सिलला तुटीचं अंदाजपत्रक मांडायला कायद्याने मनाई आहे. शेजारच्या नाही, पण लंडनमधल्याच क्रॉयडन कौन्सिलने २०२० साली ‘आता खर्च भागत नाही’ अशी कायदेशीर नोटीस काढली, तेव्हा बाकीच्या सगळ्या बरोंच्या पोटात गोळा आला. कर हवा तेवढा वाढवण्याचीही सोय नाही. २०२३ पासून वर्षाला जवळपास पाच टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापुढे जायचं तर सार्वमत घ्या, असा नियम.

म्हणजे कात्री चालवायची ती जे दिसतं त्यावरच. बागा, रस्ते, युवक केंद्रं, वाचनालयं. ब्रेंटची गोष्ट सांगण्याजोगी आहे ती यामुळे. इथे कात्री चालली तेव्हा लोक गप्प बसले नाहीत, आणि त्यातून काय मिळालं आणि काय मिळालं नाही हे दोन्ही आज डोळ्यांनी बघता येतं.

ब्रेंट हे नाव तिथून वाहणाऱ्या एका लहानशा नदीचं. ही बरो फार जुनी नाही. १९६३च्या कायद्याने लंडनच्या कारभाराची नव्याने वाटणी झाली, बत्तीस बरो ठरल्या, आणि १ एप्रिल १९६५ रोजी वेम्ब्ली आणि विल्सडेन या दोन नगरपालिकांची गाठ मारून ब्रेंट तयार झाली. हे लग्न जमवलेलं होतं आणि अजूनही तसंच वाटतं. वेम्ब्लीकडचा उत्तर भाग मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या काठाने वाढलेला: जोडघरं, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे लांबट परसबाग. विल्सडेनकडचा दक्षिण भाग जुना, दाट, कामगारांचा. आधी आयरिश आले, मग कॅरिबियन. मधून नॉर्थ सर्क्युलर हा अजस्र रस्ता जातो आणि अलीकडचे पलीकडे सहसा जात नाहीत. साधारण ४३ चौरस किलोमीटरमध्ये, २०२१च्या जनगणनेप्रमाणे, तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. त्यांतली निम्म्याहून जास्त ब्रिटनबाहेर जन्मलेली आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे प्रमाण कुठेच याहून जास्त नाही. ईलिंग रोडवर साडीची दुकानं, पानाच्या गाद्या आणि २०१० साली उघडलेलं कोरीव दगडाचं सनातन मंदिर आहे. नीस्डनला स्वामिनारायणाचं संगमरवरी मंदिर १९९५ पासून उभं आहे. इथला गुजराती समाज मोठा, आणि त्यातले बरेच केनिया-युगांडामार्गे आलेले.

मराठी माणसं त्या मानाने थोडी. पण लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच बरोमध्ये, डॉलिस हिल लेनवर आहे. मंडळाची स्थापना १९३२ची, म्हणजे वयाने ते ब्रेंट बरोपेक्षा तेहेतीस वर्षांनी मोठं. गणपतीच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि शेजारी राहणाऱ्या इंग्रज, आयरिश, पाकिस्तानी मंडळींना भाद्रपदाची चाहूल त्यावरूनच लागत असावी.

आता कारभार. ब्रेंटमध्ये बावीस वॉर्ड आणि सत्तावन्न नगरसेवक आहेत. म्हणजे साधारण सहा हजार माणसांमागे एक. मुंबईत २०११च्या जनगणनेची एक कोटी चोवीस लाख लोकसंख्या धरली आणि २२७ नगरसेवकांनी भागली तर एकेकाच्या वाट्याला पंचावन्न हजारांच्या आसपास माणसं येतात. मुंबईत मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ तर एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे. याहून महत्त्वाचा फरक अधिकाराचा आहे. आपल्याकडे महापालिकेची खरी किल्ली राज्य सरकारने पाठवलेल्या आयुक्ताकडे असते. ब्रेंटमध्ये ती निवडून आलेल्या नगरसेवकांतून निवडलेल्या नेत्याकडे आणि त्याच्या मंत्रिमंडळवजा समितीकडे असते. मुख्याधिकारी पगारी नोकर, त्याने नेत्याचं ऐकायचं. महापौर तिथेही असतो, पण त्याच्या गळ्यात साखळी असते आणि हातात फीत कापायची कात्री. यापलीकडे फारसं काही नाही. १९८६ मध्ये मर्ल अॅमरी या इथे कौन्सिलच्या नेत्या झाल्या. ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलचं नेतेपद मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

कौन्सिलच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. हा हक्क १९६०च्या एका कायद्याने मिळाला, आणि तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता नुकत्याच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी. पत्रकारांना सभेबाहेर ठेवणाऱ्या कौन्सिलांना चाप बसावा म्हणून. पुढे पंतप्रधान झाल्यावर त्याच बाईंनी कौन्सिलांचे पंख किती छाटले हे ब्रिटिश माणसाला सांगावं लागत नाही. पण हा एक कायदा मात्र त्यांच्या नावावर जमेच्या बाजूला लिहायला हवा. आज कोणीही वेम्ब्ली पार्कच्या सिव्हिक सेंटरमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसू शकतो. घरी बसून संगणकावरही सभा बघता येते. बघण्यासारखं फार नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०२२च्या निवडणुकीत सत्तावन्नपैकी एकोणपन्नास जागा मजूर पक्षाने जिंकल्या, हुजूर पक्षाला पाच आणि लिबरल डेमोक्रॅट्सना तीन. आठ जणांचा विरोधी पक्ष काय विरोध करणार होता? एका पक्षाची अशी घट्ट मांड बसली की ठराव आधीच शिजून येतात आणि सभेत फक्त वाढले जातात. माझ्या मते हा ब्रेंटच्या कारभाराचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो मतदारांनी स्वतः निवडलेला आहे.

सिव्हिक सेंटर २०१३ साली उघडलं. हॉपकिन्स आर्किटेक्ट्सची ती काचेची प्रशस्त वास्तू वेम्ब्ली स्टेडियमच्या अंगणातच आहे. कचऱ्याची तक्रार घेऊन जा, जन्माची नोंद करा, लग्न लावा, नागरिकत्वाची शपथ घ्या, वाचनालयात पुस्तक वाचत बसा, सगळं एका छपराखाली. जन्माची नोंद बेचाळीस दिवसांत करावी लागते, मृत्यूची पाच दिवसांत. फोर्टी लेनवरचा जुना टाउन हॉल, १९३०च्या दशकातलं विटांचं देखणं काम, आता फ्रेंच आंतरराष्ट्रीय शाळा आहे. तिथे पूर्वी कर भरायला रांगा लागत. आता मुलांना सोडायला गाड्यांच्या.

पण सामान्य रहिवाशाचा कौन्सिलशी रोजचा संबंध येतो तो डब्यांवरून. राखाडी डबा कचऱ्याचा. निळ्या झाकणाचा डबा बाटल्या, प्लास्टिक, डब्बे-बरण्यांचा. कागद-पुठ्ठ्यासाठी २०२३ पासून वेगळी निळी पिशवी. खरकट्याला छोटी कॅडी, ती दर आठवड्याला, बाकीचं आठवड्याआड. बागेतला पालापाचोळा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. चुकीच्या डब्यात चुकीची वस्तू गेली की डबा न उचलता त्यावर चिठ्ठी लावून जातात. नव्याने आलेल्या कुटुंबाची पहिली परीक्षा इथेच होते, आणि जुन्या शेजारणी ती बारकाईने तपासतात. दुकानांवरच्या खोल्यांत राहणाऱ्यांना डबा ठेवायला जागाच नाही, त्यांनी ठरल्या वेळेत पिशव्या फुटपाथवर ठेवायच्या. ती वेळ चुकली की कोल्हे पिशवी फोडतात. लंडनचे कोल्हे फार नियमित असतात.

गाद्या, सोफे, फ्रिज रात्री गुपचूप कोपऱ्यावर टाकणं ही इथली जुनी खोड. दंड हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, तरी थांबत नाही. दुसरी खोड आपल्याकडून गेलेली. ईलिंग रोडच्या भिंती, बाक, दिव्याचे खांब पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले आहेत. ते डाग काढायला वर्षाला तीस हजार पौंडांच्या वर खर्च येतो, असं कौन्सिल सांगतं. तेवढ्यात एखाद्या वाचनालयाला एक पगारी माणूस मिळाला असता, असा हिशेब मांडायचा मोह होतो. मांडायलाही हरकत नाही.

डब्यानंतर घराचं वाढीव बांधकाम. ब्रेंटमधल्या आशियाई घरांत पैसा जमला की पहिली गोष्ट होते ती मागच्या बाजूला खोली किंवा माळ्यावर खोली. काही मर्यादेपर्यंत परवानगी लागत नाही. जोडघराच्या मागे एकमजली तीन मीटर चालतं. त्यापुढे अर्ज. मग कौन्सिल शेजाऱ्यांना पत्रं पाठवतं किंवा घराबाहेर नोटीस लावतं आणि हरकतीला एकवीस दिवस देतं. साध्या अर्जाचा निकाल आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. हरकतीला कारण लागतं, आणि ते कायद्याला मान्य असावं लागतं: उजेड अडतो, आमच्या खोलीत थेट नजर पडते, पार्किंगवर ताण येतो. माझ्या घराची किंमत घसरेल किंवा समोरचं छान दृश्य जाईल ही कारणं चालत नाहीत. हरकती सगळ्यांना वाचता येतात. कुठल्या शेजाऱ्याने काय लिहिलं हे कळल्यावर त्या दिवाळीला फराळाची ताटं कोणाकडे गेली नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मोठी बांधकामं स्टेडियमभोवती. एकेकाळी जिथे मॅचच्या दिवशी गाड्या लागत तिथे आता भाड्याच्या फ्लॅट्सचे मनोरे आहेत. नव्वद हजार प्रेक्षक येतात त्या दिवशी भोवतालच्या गल्ल्यांत पार्किंगला परवाना लागतो. पाहुणे बोलवायचे तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचं. मनोरे बांधणाऱ्यांकडून कौन्सिल चौरस मीटरमागे शुल्क घेतं आणि त्यातला पंधरा टक्के हिस्सा स्थानिक लोकांच्या सूचनांप्रमाणे खर्च करायचा असतो. परिसरातल्या संस्था त्यासाठी अर्ज करतात. मनोऱ्यांना नावं ठेवणारे आणि त्या पैशांसाठी अर्ज लिहिणारे पुष्कळदा तेच लोक असतात. त्यात विसंगती आहे, पण लाज वाटण्याजोगी नाही.

आता वाचनालयं. ब्रेंटकडे बारा होती. २०१० नंतर सरकारी अनुदान झपाट्याने आटलं आणि कौन्सिलने वर्षाला सुमारे दहा लाख पौंड वाचवण्यासाठी त्यांतली सहा बंद करायचं ठरवलं: केन्सल राइज, क्रिकलवुड, नीस्डन, प्रेस्टन, बारहम पार्क आणि टोकिंग्टन. उरलेली सहा आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवू, इमारती सुधारू, असं आश्वासन होतं, आणि ते बऱ्याच अंशी पाळलंही गेलं. १९६४च्या कायद्याने कौन्सिलवर वाचनालय सेवेची जबाबदारी आहे. ती सेवा सर्वंकष आणि कार्यक्षम असावी एवढंच कायदा म्हणतो. किती इमारती, किती अंतरावर, हे म्हणत नाही. वृद्धांच्या देखभालीबद्दल कायद्याची भाषा काटेकोर, वाचनालयाबद्दल सैल. कात्री सैल जागी चालली.

रहिवासी उच्च न्यायालयात गेले. गल्लीगल्लीतल्या सभा, पुस्तकविक्री, गाण्याचे कार्यक्रम यांतून पैसे जमले. नाटककार अॅलन बेनेट आले, विल्सडेनमध्येच वाढलेल्या कादंबरीकार झेडी स्मिथ बोलल्या. न्यायालयात एक मुद्दा असा मांडला गेला: बरोच्या लोकसंख्येत आशियाई सुमारे २८ टक्के, पण वाचनालयाची पुस्तकं नियमित नेणाऱ्यांत ते ४६ टक्के, मग वाचनालयं बंद झाल्याचा फटका याच समाजाला जास्त बसणार आणि समानतेच्या कायद्याप्रमाणे कौन्सिलने याचा नीट विचार करायला हवा होता. घरात अभ्यासाला टेबल नाही, एका खोलीत तिघं, अशा मुलांची ती जागा होती. ऑक्टोबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल कौन्सिलच्या बाजूने दिला. पैसे कुठे कमी करायचे हे ठरवायचा अधिकार निवडून आलेल्यांचा, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने तो बरोबर असेल. पण ४६ टक्क्यांचा तो आकडा माझ्या मनातून जात नाही.

केन्सल राइजची कथा यातली सर्वांत रंगतदार आणि सर्वांत कडूही. ही जागा ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजने वाचनालयासाठी दिलेली. सप्टेंबर १९०० मध्ये तिचं उद्घाटन केलं मार्क ट्वेनने. तो त्या उन्हाळ्यात जवळच डॉलिस हिल हाउसमध्ये मुक्कामाला होता. पुढे अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीतून इमारत वाढली. निकालानंतर कौन्सिलची माणसं फळ्या ठोकायला आली तेव्हा शेजारी दारात उभे राहिले आणि पुढे कित्येक महिने आळीपाळीने पहारा देत राहिले. थंडीत, थर्मास घेऊन. शेवटी मे २०१२ मध्ये एका रात्री, गल्ली झोपेत असताना, कौन्सिलचे कर्मचारी पोलिसांना घेऊन आले आणि पुस्तकं, सामान आणि मार्क ट्वेनच्या नावाची पाटीसुद्धा घेऊन गेले. ज्या संस्थेच्या सभा कायद्याने खुल्या आहेत तिने पुस्तकं न्यायला रात्र निवडावी, याचं समर्थन मला तरी कुठे सापडलेलं नाही.

वाचनालय बंद झालं की जागा परत कॉलेजकडे जाणार अशी मूळ अट होती. ती गेली, आणि कॉलेजने ती बिल्डरला विकायला काढली. फ्लॅटच्या पहिल्या अर्जाला कौन्सिलकडे पाठिंब्याचे पुष्कळ ईमेल आले. वाचनालयाच्या मित्रमंडळींनी ते एकेक करून तपासले. कारण मघाशी सांगितलं तेच: हरकती आणि पाठिंबे कोणालाही वाचता येतात. काही ईमेल खोट्या नावांनी आणि पत्त्यांनी पाठवलेले निघाले. पोलीस चौकशी झाली. खटला कोणावरच भरला गेला नाही. तो अर्ज २०१३ मध्ये नाकारला गेला. पुढच्या वर्षी सुधारित आराखडा मंजूर झाला तो तळमजल्यावर लोकांच्या वाचनालयाची जागा राखून. वर फ्लॅट, खाली पुस्तकं. आज ते स्वयंसेवक चालवतात. चहा मिळतो, लहान मुलांना गोष्टी सांगतात, ज्येष्ठांना मोबाइल शिकवतात.

प्रेस्टन, क्रिकलवुड आणि बारहम इथेही रहिवाशांनी स्वतःची वाचनालयं उभी केली. बारहमच्या मंडळींनी आधी दुकानाच्या गाळ्यात पुस्तकं मांडली, मग बागेत परतले. त्या बागेचीही एक हकीकत आहे. टायटस बारहम हे एक्सप्रेस डेअरी काढणाऱ्या दूधवाल्या घराण्यातले. त्यांनी आपली वाडी वेम्ब्लीच्या लोकांसाठी ठेवली. १९३७ मध्ये वेम्ब्लीला बरोचा दर्जा मिळाला आणि बारहम तिचे पहिले महापौर होणार होते. ज्या दिवशी व्हायचे त्याच दिवशी वारले. आज त्या जागेच्या न्यासाचा एकमेव विश्वस्त खुद्द कौन्सिल आहे. म्हणजे बागेचं हित बघणारे आणि कौन्सिलचा खर्च वाचवणारे एकाच टेबलाशी बसतात, आणि बहुतेक वेळा ती एकच माणसं असतात. न्यासाच्या बैठकांवर स्थानिक मंडळी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात ती उगाच नाही.

विल्सडेन ग्रीनचं वाचनालय वाचलं, पण वेगळ्या किमतीत. कौन्सिलने ते पाडून नवं बांधायचं ठरवलं, आणि त्याचा खर्च मागच्या जागेत खासगी फ्लॅट बांधू देऊन काढला. १८९०च्या दशकातला जुना विटांचा दर्शनी भाग लोकांच्या आरडाओरड्यामुळे राहिला. आवारातलं पुस्तकांचं दुकान मात्र गेलं. २०१५ मध्ये नवी इमारत उघडली. ती चांगली आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथे बसायला जागा मिळत नाही.

कौन्सिलचे काही लोक आता या सगळ्याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, बंद केली तरी वाचनालयं चाललीच की. हे ऐकून स्वयंसेवकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यांचं बरोबर आहे. केन्सल राइजमध्ये निवृत्त प्राध्यापक, वकील, पत्रकार राहतात. त्यांना अर्ज लिहिता येतात, देणग्या उभ्या करता येतात, दुपार मोकळी असते. टोकिंग्टनमध्ये, नीस्डनमध्ये दोन-दोन नोकऱ्या करणारी माणसं राहतात. तिथली वाचनालयं परत उघडली नाहीत. स्वयंसेवेवर सोडलं की सेवा जिथे गरज जास्त तिथे जात नाही, जिथे वेळ जास्त तिथे जाते. पगारी ग्रंथपालाची जागा उत्साह घेऊ शकत नाही, हा बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवाचा हिशेब आहे.

लोकांनी पुढे येण्याची ब्रेंटची परंपरा मात्र जुनीच. १९७६ ते १९७८ अशी दोन वर्षं डॉलिस हिलजवळच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्याबाहेर जयाबेन देसाई आणि त्यांच्या साडीतल्या सहकारिणी संपावर होत्या. संप हरला. क्रिकलवुडच्या पोस्टमननी कारखान्याचं टपाल हाताळायला नकार दिला होता हे मात्र लोक विसरले नाहीत. तो कारखाना महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूपासून फार लांब नव्हता.

सणासमारंभांचंही सगळं कागदावर चालतं. पाचशेपेक्षा कमी माणसांचा, एका दिवसाचा कार्यक्रम, ज्यात दारू विकायची आहे किंवा रात्री उशिरापर्यंत गाणं चालणार आहे, त्याला कौन्सिलला किमान दहा कामाचे दिवस आधी नोटीस द्यायची आणि एकवीस पौंड भरायचे. एवढंच. कोणाची ओळख लागत नाही, पाकीट लागत नाही. ज्या मंडळांच्या चिटणिसांना हे माहीत असतं त्यांचा कार्यक्रम होतो. ज्यांना आदल्या आठवड्यात आठवतं त्यांची धावपळ होते. भाजीपाल्याचे भाडेपट्ट्याचे वाफेही कौन्सिल देतं, १९०८च्या कायद्यापासून ते त्याचं काम आहे. मोजमाप अजून ‘रॉड’मध्ये, दहा रॉडचा पुरा तुकडा म्हणजे अडीचशे चौरस मीटर. त्यासाठी प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवावं लागतं. ज्यांना मिळाला ते मेथी आणि कोथिंबीर काढतात, आणि शेजारचा म्हातारा इंग्रज बटाटे.

आता एक विनंती, विशेषतः नव्याने तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना. ब्रिटनमध्ये मत द्यायला ब्रिटिश नागरिक असावंच लागतं असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर वास्तव्य असलेला अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक, विद्यार्थी व्हिसावर असला तरीही, कौन्सिलच्या आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देऊ शकतो. नाव मात्र मतदारयादीत स्वतः नोंदवावं लागतं, आणि ते निवडणुकीच्या बारा कामाच्या दिवसांपूर्वी झालं पाहिजे. कौन्सिलची निवडणूक चार वर्षांनी, मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. २०२३ पासून ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.